२० लिटर नायट्रोजन, ४५ लिटर हायड्रोजन: आधी संपतं कोण?

पूर्वमुलुंड:
मुलगी अकरावी सायन्सला आहे. केमिस्ट्रीच्या पहिल्याच धड्यावरून घरात दोन दिवस वाद चाललाय म्हणून इथे विचारते. गणित असं आहे: एकाच तापमानाला आणि दाबाला २० लिटर नायट्रोजन आणि ४५ लिटर हायड्रोजन घेतला, पूर्ण रिअ‍ॅक्शन झाली, तर अमोनिया किती लिटर?

मुलगी म्हणते नायट्रोजन कमी आहे, तोच लिमिटिंग (म्हणजे आधी संपून गाडी थांबवणारा), म्हणून ४० लिटर. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा आधी सगळ्याला २२.४ ने भागतो, मोल काढतो (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप, आणि एक मोल गॅस २२.४ लिटर जागा घेतो असं तो धरतो), मग परत २२.४ ने गुणतो. पुस्तकात एका ओळीत ३० लिटर दिलंय. आणि आमचे हे कॉमर्सवाले, त्यांचं म्हणणं की सुरुवातीला ६५ लिटर होते आणि शेवटी ३५ च कसे, मधले ३० लिटर कुठे गेले ते आधी सांगा.

तर तीन प्रश्न. लिमिटिंग ओळखायचा कसा, लिटरवर डायरेक्ट गणित केलेलं चालतं का, आणि ह्यांना काय सांगू.

हिशेबनीस:
उत्तर ३०च. नायट्रोजन १ + हायड्रोजन ३ → अमोनिया २. प्रत्येकाचा आकडा त्याच्या समोरच्या गुणकाने भागायचा. नायट्रोजन २० भागिले १ = २०, हायड्रोजन ४५ भागिले ३ = १५. जो आकडा लहान तो लिमिटिंग, म्हणजे हायड्रोजन. १५ लिटर नायट्रोजन वापरला गेला, ५ उरला, अमोनिया १५ गुणिले २. आकड्याने ४५ मोठा दिसतो पण त्याचा खर्चही तिप्पट आहे ना.

तिरकस:
पहिल्याच प्रतिसादात उत्तर?? असं केलंत तर धाग्याची शंभरी कशी होणार. जरा दम धरा की राव.

घाटकोपरी:
ताई, मिस्टरांना सांगा की ऑडिट वजनाचं करायचं, लिटरचं नाही. २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ६ ग्रॅम हायड्रोजन मिळून ३४ ग्रॅम अमोनिया होतो, एक ग्रॅमही इकडचा तिकडे होत नाही. लिटर मात्र वाचतच नाहीत, त्यांना वाचायची सक्तीच नाहीये. गॅस किती जागा घेणार हे (तापमान दाब तोच असेल तर) रेणू किती आहेत त्यावर ठरतं, ते कुठले आहेत किंवा किती जड आहेत त्यावर नाही. इथे चार रेणू जाऊन दोनच तयार होतात, मग जागा कमी लागणारच. आणि समजा भांडं पक्क्या लोखंडाचं आहे, आकुंचन पावणारच नाही, तर लिटर ६५ च राहतील आणि दाब ३५/६५ वर येईल, म्हणजे जवळपास निम्मा.

हिशेबनीस:
+१. उलट हायड्रोजन आणि क्लोरीन घेतलं असतं तर १ + १ चे २ च होतात, तिथे साहेबांना काहीच शंका आली नसती.

खडूफळा:
मी दादरला क्लास घेतो, म्हणून जरा विरोधी सूर लावतो. लिटरवर डायरेक्ट गणित केलेलं या प्रश्नात बरोबर आहे यात वाद नाही. पण मी मुलांना पहिले दोन महिने ते करू देत नाही. कारण एकदा का शॉर्टकट हातात आला की मुलं तो सगळीकडे लावतात. कार्बन अधिक ऑक्सिजन असं गणित आलं की कार्बनचेही लिटर काढायला बसतात! कार्बन घन आहे बाबांनो. मग पाण्याचा घोळ. हे बघा: १० मिलि मिथेन, ३० मिलि ऑक्सिजन, ठिणगी दिली, शेवटी एकूण किती? ऑक्सिजन २० वापरला जातो, १० उरतो, कार्बन डायऑक्साइड १०. आता मिश्रण थंड करून मोजलं तर पाणी द्रव होतं, त्याची जागा धरायची नाही, उत्तर २० मिलि. पण १०० अंशाच्या वर ठेवून मोजलं तर २० मिलि वाफही मोजायची, उत्तर ४०, म्हणजे सुरुवातीला होतं तेवढंच. एकच रिअ‍ॅक्शन, दोन उत्तरं आणि दोन्ही बरोबर. मोलची सवय असलेला मुलगा निदान थांबून विचार करतो की यातला गॅस कोण आणि नाही कोण.

हिशेबनीस:
सर, तुमच्या उदाहरणात मोल काढूनही मुलगा तीच चूक करू शकतो की, पाण्याचे मोल काढेल आणि २२.४ ने गुणून टाकेल. सवय गॅस ओळखायची लावा, मोलची कशाला. आणि २२.४ चं तर बोलूच नका. जुन्या गाईडांमध्ये २२.४, एनसीईआरटीत २२.७, कारण तिकडे एसटीपीचा (म्हणजे गॅस मोजायच्या ठरवलेल्या तापमान-दाबातला) दाब १ बार धरतात, इकडे १ अ‍ॅटमॉस्फिअर. आणि आपल्या मुंबईत ३० अंशाला एक मोल गॅस बसतो २४.९ लिटरमध्ये. शेजारच्या मुलाने २२.४ ने भागलं आणि परत २२.४ नेच गुणलं, म्हणजे चर्चगेटहून अंधेरीला जायला आधी ठाण्याला जाऊन आला. त्याने १०० ने भागून १०० ने गुणलं असतं तरी ३०च आलं असतं.

तिरकस:
दादरला बदलून ठाण्याला जाऊन परत दादर, मग अंधेरी. पासात बसतं हो ते.

खडूफळा:
हिशेबनीस, मुद्दा मान्य, पण २२.४ कुठे चालतो आणि कुठे नाही हे कळण्यासाठीच ते दोन महिने. परीक्षेत ५.६ लिटर गॅस आणि ४ ग्रॅम अमुक असं मिश्र गणित येतंच, तिथे लिटर एकटे उपयोगाचे नाहीत.

निवांत_नलू:
मला केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नाही पण वाचताना उकडीचे मोदक आठवले. दर चतुर्थीला आमच्याकडे एकतर सारण उरतं नाहीतर उकड. सासूबाईंचा नियम असा की उकड मुद्दाम जास्तच करायची, कारण उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या होतात, सारण उरलं तर नुसतं खात बसावं लागतं. म्हणजे काय संपू द्यायचं हे त्या आधीच ठरवायच्या. हेच का ते लिमिटिंग?

उत्प्रेरक:
नलूताई, दंडवत! कारखान्यात नेमकं हेच करतात आणि पुस्तकातल्या गणितातून नेमकं हेच कळत नाही. मी ट्रॉम्बेला खताच्या कारखान्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

पुस्तकातलं गणित वाचून वाटतं की लिमिटिंग रिएजंट म्हणजे अपघात, कोणीतरी मोजताना चुकलं आणि एक वस्तू आधी संपली. प्लांटवर ते ठरवून केलेलं असतं. महागाची किंवा मागे राहिली तर त्रास देणारी वस्तू संपवायची, स्वस्त वस्तू जास्त टाकायची. सल्फ्युरिक अ‍ॅसिडचं घ्या. २ सल्फर डायऑक्साइड + १ ऑक्सिजन → २ सल्फर ट्रायऑक्साइड, व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या कॅटॅलिस्टवरून (कॅटॅलिस्ट म्हणजे वेग वाढवणारा, स्वतः न संपणारा). इथे ऑक्सिजन कायम गरजेपेक्षा जास्त ठेवतात. हवा फुकट आहे आणि सल्फर डायऑक्साइड उरला तर तो चिमणीतून बाहेर जाऊन लोकांच्या डोळ्यात. शिवाय ही रिअ‍ॅक्शन उलटीही फिरते, ऑक्सिजन जास्त असला की ती पुढच्या बाजूला ढकलली जाते. पण जास्त म्हणजे वाट्टेल तितकं नाही. बॉयलरला हवा फार दिली तर ती सगळी हवा, त्यातला नायट्रोजन धरून, आपण फुकट तापवतो आणि उष्णता चिमणीतून सोडून देतो.

आता तुमचा अमोनिया. त्यात गंमत अशी की लिमिटिंग म्हणावं असं कोणी ठेवतच नाहीत, ३ ला १ हेच प्रमाण साधायचं असतं. नैसर्गिक वायू आणि वाफ यांच्यापासून हायड्रोजन बनतो, हे ज्या भट्टीत होतं तिला रिफॉर्मर म्हणतात, आणि पुढच्या रिफॉर्मरमध्ये हवा सोडतात. हवेतला ऑक्सिजन तिथेच थोडा वायू जाळून उष्णता देतो आणि मागे राहतो नायट्रोजन. हवा किती सोडायची हे असं बेतलेलं असतं की शेवटी तीनास एक यावं. एकच हवा दोन कामं करते, मला आजही त्याचं कौतुक वाटतं.

अर्धा_तिकीट:
काका मग ते पूर्ण रिअ‍ॅक्ट होतं का? आमच्या सरांनी इक्विलिब्रियम सांगितलंय म्हणजे अमोनिया परत तुटतो ना

उत्प्रेरक:
छान विचारलंस. नाही होत. ४००-५०० अंश, दीडशे-दोनशे अ‍ॅटमॉस्फिअरचा दाब, लोखंडाचा कॅटॅलिस्ट, एवढं सगळं करून एका फेरीत साधारण १५ ते २० टक्केच रूपांतर होतं. मग गॅस थंड करायचा, अमोनियाचा द्रव करून काढून घ्यायचा आणि उरलेलं नायट्रोजन-हायड्रोजन परत आत. गोल गोल फिरवत राहायचं. त्यात एक तिसरा पाहुणा असतो, आर्गॉन. हवेत तो एका टक्क्याच्या जरा आतबाहेर असतो, कशाशीच रिअ‍ॅक्ट होत नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीला साठत जातो. थोडा मिथेनही तसाच. हे दोघं वाढले की हायड्रोजन नायट्रोजनच्या वाट्याचा दाब कमी होतो आणि अमोनिया घटतो. म्हणून फिरत्या गॅसमधला थोडा भाग सतत बाहेर काढावा लागतो, त्याला पर्ज म्हणतात. त्यात चांगला हायड्रोजनही जातो, तो हल्ली मेम्ब्रेन (गॅस वेगळे करणारा पडदा) लावून परत मिळवतात.

पूर्वमुलुंड:
बापरे. म्हणजे पुस्तकातलं ३० लिटर हे उत्तर खोटंच की काय?

हिशेबनीस:
खोटं नाही. प्रश्नात 'पूर्ण रिअ‍ॅक्शन झाली' लिहिलंय ते त्यासाठीच. ३० ही वरची मर्यादा, त्याहून एक थेंब जास्त निघू शकत नाही. प्रत्यक्षात किती निघालं भागिले ३०, गुणिले १००, हे पर्सेंट यील्ड. काकांच्या प्लांटलाही ती मर्यादा लागूच आहे, ते फक्त फेऱ्या मारून तिच्या जवळ जातात.

गोरेगावकर_पश्चिम:
अवांतर आहे पण विषय गॅसचाच. आमच्या सोसायटीत पाइप गॅस आला तेव्हा फिटरने येऊन शेगडीचं जेट बदललं. मी म्हटलं शेगडी तीच, आच तीच, जेट कशाला बदलायचं? तो म्हणाला बदलावंच लागतं साहेब, कारण काही सांगितलं नाही. याचा संबंध वरच्या प्रमाणाशी आहे का?

घाटकोपरी:
आहे ना, शंभर टक्के आहे. पाइप गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. १ लिटर मिथेनला २ लिटर ऑक्सिजन लागतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे साडेनऊ लिटर हवा. सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेनच्या १ लिटरला ५ लिटर ऑक्सिजन, म्हणजे २४ लिटरच्या आसपास हवा, ब्युटेनला साडेसहा लिटर ऑक्सिजन, म्हणजे ३१ लिटर हवा. उष्णताही त्याच अंदाजाने, प्रोपेन मिथेनच्या अडीच पट आणि ब्युटेन सव्वातीन पट. म्हणून तेवढीच आच मिळवायला पाइप गॅस जास्त लिटर सोडावा लागतो, जेटचं भोक मोठं. सिलिंडरच्या जेटवर पाइप गॅस लावला तर ज्योत अगदी मरतुकडी येईल. उलटं केलं, म्हणजे मोठ्या भोकातून एलपीजी सोडला, तर गॅस जास्त आणि हवा अपुरी, पिवळी ज्योत आणि भांड्यांचे बुड काळेकुट्ट. तिथे ऑक्सिजन लिमिटिंग झाला, कार्बन तसाच राहिला, ती काजळी.

गोरेगावकर_पश्चिम:
वा! फिटरपेक्षा तुम्ही बरे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

निवांत_नलू:
मग गॅस गीझरचं पण असंच ना? दर हिवाळ्यात पेपरात बातमी असते बाथरूममध्ये गुदमरल्याची.

घाटकोपरी:
हो, आणि तो जास्त गंभीर प्रकार. चार बाय सहाचं, आठ फूट उंचीचं बाथरूम धरा, साडेपाच घनमीटर हवा झाली. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२-१३ घनमीटर हवा लागते. म्हणजे खिडकी बंद असेल तर त्या खोलीतल्या सगळ्या हवेत अर्धा किलोसुद्धा पुरता जळणार नाही. आणि ऑक्सिजन पार संपेपर्यंत ज्योत काही शहाण्यासारखी जळत नाही, तो थोडा उतरला की कार्बन डायऑक्साइडच्या ऐवजी कार्बन मोनॉक्साइड व्हायला लागतो. मिथेनच्या भाषेत सांगायचं तर २ मिथेनला ४ ऐवजी ३ च ऑक्सिजन मिळाले की २ कार्बन मोनॉक्साइड आणि ४ पाणी.

तिरकस:
पण वास येईल की, माणूस बाहेर पडेल.

घाटकोपरी:
नाही हो, तोच तर घात आहे. गॅसचा वास येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, आणि तो गॅसबरोबर जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, आधी डोकं जड होतं, मग उठायचीच शुद्ध राहत नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावायचा. एक्झॉस्टच्या भोकाला प्लायवूड ठोकून बंद करणारे महाभाग मी पाहिलेत, थंडी वाजते म्हणून. मुंबईत थंडी!

उत्प्रेरक:
पूर्ण सहमत. हे धाग्याच्या वरच लिहायला हवं.

वाचनवेडा_विलेपार्ले:
इतिहासाचा थोडा तडका. हे लिटरवर गणित करता येतं हे आधी प्रयोगात दिसलं, कारण नंतर कळलं. गे-लुसॅकने १८०८ मध्ये मांडलं की गॅस साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात एकत्र येतात, २ भाग हायड्रोजन १ भाग ऑक्सिजन वगैरे. अणुसिद्धांतवाला डाल्टन, खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता, पण त्यालाच ते पटेना. कारण घाटकोपरींच्या त्याच नियमाने, सारख्या जागेत सारखे कण, असं धरलं तर १ लिटर नायट्रोजन आणि १ लिटर ऑक्सिजनपासून २ लिटर नायट्रिक ऑक्साइड होतोच कसा? प्रत्येक अणूचे दोन तुकडे करावे लागतील, आणि अणू तर फुटत नाही. १८११ मध्ये अवोगाद्रोने तोडगा काढला की गॅसचा कण म्हणजे एकटा अणू नव्हे, जोडीने असलेला रेणू, आणि जोडी फुटू शकते. ते कोणी मनावर घेतलं नाही. १८६० च्या कार्ल्सरूहच्या परिषदेत कॅनिझारोने परत तेच मांडलं तेव्हा कुठे लोक ऐकू लागले, आणि अवोगाद्रो १८५६ लाच वारला होता.

तिरकस:
म्हणजे पन्नास वर्षं लिमिटिंग रिएजंट होता ऐकणारा माणूस.

हिशेबनीस:
तिरकसराव पहिल्यांदाच विषयाला धरून बोलले 😀

खडूफळा:
आता वातावरण तापलंच आहे तर एक कोडं, अकरावीच्या मुलांसाठी, मोठ्यांनी गप्प बसा. एका अज्ञात हायड्रोकार्बन गॅसचे १० मिलि आणि ८० मिलि ऑक्सिजन. ठिणगी देऊन परत खोलीच्या तापमानाला आणल्यावर उरले ६० मिलि. केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणातून नेल्यावर उरले ३० मिलि, तो शुद्ध ऑक्सिजन. गॅस कोणता?

अर्धा_तिकीट:
केओएच कार्बन डायऑक्साइड खातो म्हणजे तो ६० वजा ३० = ३० मिलि. १० मिलि पासून ३० म्हणजे ३ कार्बन. ऑक्सिजन वापरला ८० वजा ३० = ५०, म्हणजे एका रेणूला ५. त्यातले ३ कार्बनने घेतले उरले २, त्यात ४ पाणी, म्हणजे ८ हायड्रोजन. प्रोपेन!! आणि इथे लिमिटिंग प्रोपेनच कारण ऑक्सिजन उरलाय

खडूफळा:
शाब्बास. आणि बघ, एकही मोल न काढता सोडवलंस. हिशेबनीस, हसू नका.

हिशेबनीस:
मी कुठे काय म्हटलं.

पूर्वमुलुंड:
सगळ्यांचे खूप आभार. मुलीला सगळा धागा वाचून दाखवला, ह्यांना वजनाचा हिशेब पटलाय. पण आता मुलीनेच गणित बदललंय. ती म्हणते नायट्रोजनचे २० लिटर २७ अंशाला मोजले आणि हायड्रोजनचे ४५ लिटर १२७ अंशाला मोजले तर? तरी गुणकाने भागायचं का?

हिशेबनीस:
गुणी आहे पोरगी. नाही, डायरेक्ट नाही भागायचं, आधी दोन्ही एकाच तापमानाला आणायचे. त्यासाठी अंशात २७३ मिळवून केल्विन करायचे: १२७ अंश म्हणजे ४०० केल्विन, २७ म्हणजे ३००. तापलेला गॅस फुगलेला असतो, २७ अंशाला आणला तर ४५ गुणिले ३०० भागिले ४०० = ३३.७५ लिटर. आता भागा. ३३.७५ भागिले ३ = ११.२५, नायट्रोजन २०. हायड्रोजनच लिमिटिंग, अमोनिया २२.५ लिटर (२७ अंशाला मोजला तर), नायट्रोजन उरला ८.७५.

खडूफळा:
आणि मोल काढले असते तर हे वेगळं आठवावंच लागलं नसतं, पीव्ही बरोबर एनआरटी (दाब, आकारमान, मोल आणि तापमान जोडणारं गॅसचं सूत्र) लावलं की तापमान आपोआप आत येतं. असो. तुमच्या मुलीने दाब काही सांगितलेला नाही, वरच्या उत्तरात तो दोन्हीकडे सारखा धरलाय. पेपरात असं काही आलं तर 'दाब सारखा मानून' एवढे शब्द लिहायला सांगा.